दाराची दोन कामे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारिणीने मला केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर आणि नाट्यसंगीतावर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या आहेत. मी एका संस्थेच्या सुरक्षा विभागात तीस वर्षे नोकरी केलेला माणूस. दारे, कुलपे, नोंदवह्या आणि पहारे यांच्याशीच ज्याने आयुष्यभर संसार केला, त्याने आपणांस काय सांगावे? माझी ही अडचण मी चिटणीसांना सांगितली. ते हसून म्हणाले, "मग आपण दारावरच बोला." त्यांची सूचना मी शब्दशः घेतली आहे. सार्वजनिक जागा आणि संस्था सुरक्षित कशा राहतात, त्यात कोणाचे काय काम असते, हा आजचा विषय आहे.

आपल्या या शहराची गोष्ट येथूनच सुरू होते. चंडीगड वसले ते मोकळेपणाच्या कल्पनेवर. जुन्या शहरांना तट असत, वेशी असत. या शहराला वेस नाही. ल कॉर्बुझिए यांनी उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय यांची जी योजना केली, तिच्यात इमारतींइतकेच महत्त्व त्यांच्यामधल्या विस्तीर्ण मोकळ्या चौकाला होते. नागरिकाने तेथे पायी हिंडावे आणि राज्यकारभार आपलाच आहे असे त्याला वाटावे, हा त्यामागचा हेतू होता. आपले काकासाहेब गाडगीळ १९५८ ते १९६२ या काळात पंजाबचे राज्यपाल म्हणून याच शहरात राहिले. तेव्हाचे चंडीगड पाहिलेली वडीलधारी माणसे सांगत की, राजधानीच्या त्या परिसरात सायकलवरून सहज जाता येई.

पुढे ऐंशीचे दशक आले. त्या दिवसांचे वर्णन मी करीत बसत नाही. येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी ते भोगले आहेत. संध्याकाळ झाली की रस्ते ओस पडत, आणि बसमध्ये शेजारच्या आसनाखाली कोणाची पिशवी तर नाही ना, हे आधी पाहावे लागे. ती आग पुण्यापर्यंत पोहोचली आणि १० ऑगस्ट १९८६ रोजी निवृत्त सरसेनापती अरुणकुमार वैद्य यांची तेथे हत्या झाली. योगायोग असा की, राजधानीच्या परिसरातील 'उघडा हात' हे शिल्प प्रत्यक्ष उभे राहिले ते १९८५ साली. द्यायला आणि घ्यायला सारखाच उघडा असलेला तो हात वाऱ्याबरोबर फिरू लागला, आणि त्याच सुमारास त्याच्या भोवतालचा चौक मात्र कुंपणांनी आणि काटेरी तारांनी बंद होत गेला. २०१६ मध्ये या परिसराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. आज तेथे ओळखपत्र दाखवून, मार्गदर्शकाबरोबर जाता येते. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. बंद करणाऱ्यांजवळ कारणे होती.

त्या कारणांपैकी सर्वांत मोठे कारण ३१ ऑगस्ट १९९५ रोजी घडले. त्या सायंकाळी सचिवालयाच्या दाराशीच मुख्यमंत्री बेअंत सिंग यांच्या मोटारीजवळ स्फोट झाला. ते स्वतः आणि त्यांच्याबरोबर पंधरांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. बाँब अंगावर बांधून आलेला माणूस पोलिसाच्या गणवेशात होता, कारण तो खरोखरीचाच पोलीस शिपाई होता. पहारा नव्हता असे नाही, पहारा भरपूर होता. परंतु पहाऱ्याने गणवेश पाहिला आणि गणवेशालाच ओळख मानले.

यानंतर चारच महिन्यांनी, २३ डिसेंबर १९९५ रोजी, हरियाणातील मंडी डबवाली या गावी एका शाळेच्या वार्षिक समारंभात मांडवाला आग लागली. मांडव कृत्रिम धाग्याच्या कापडाचा होता आणि कापड वितळून खाली बसलेल्या माणसांवर पडू लागले. बाहेर पडण्याची वाट जवळजवळ एकच होती. काही मिनिटांत ४०० हून अधिक माणसे गेली. त्यांत बहुतेक मुले होती आणि त्यांचे कौतुक पाहायला आलेल्या आया होत्या.

एकाच वर्षात, आपल्या अवतीभवती घडलेले हे दोन प्रसंग मी मुद्दाम शेजारी ठेवीत आहे. पहिल्या प्रसंगी ज्याला अडवायला हवे होते त्याला दाराने अडवले नाही. दुसऱ्या प्रसंगी ज्यांना सोडायला हवे होते त्यांना दाराने सोडले नाही. दाराची कामे दोनच : अडवणे आणि सोडणे. पहिले काम सर्वांच्या ध्यानात राहते, कारण त्यामागे शत्रूचे भय असते. दुसरे काम आपण विसरतो. माझ्या खात्यात तीस वर्षे काढूनही मी ते विसरलो होतो, आणि ती हकिगत आज प्रथमच आपणांपुढे सांगणार आहे.

१९९० च्या सुमाराचा गणेशोत्सव. दिवस धास्तीचे होते, तरी उत्सव बंद पडू द्यायचा नाही, असा आपल्या मंडळींचा निर्धार होता. कार्यक्रम भाड्याच्या एका सभागृहात होता. सुरक्षा खात्यातला माणूस म्हणून व्यवस्था माझ्याकडे सोपवलेली होती. मी सभागृहाची पाहणी केली, आणि मागचे दार आणि बाजूचे दार अशी दोन्ही दारे कुलपे घालून बंद केली. पुढच्या एकाच दारावर स्वयंसेवक ठेवले आणि प्रत्येकाची पिशवी तपासायची असे ठरवून दिले. सर्वांनी माझी प्रशंसा केली. दोन्ही किल्ल्या मी खिशात टाकल्या आणि दिल्लीहून येणाऱ्या गायकांना आणायला स्टेशनवर गेलो. गाडीला उशीर झाला.

इकडे मुलांची नाटिका सुरू असताना रंगमंचामागच्या पडद्याला दिव्याची धग लागली आणि धूर निघू लागला. कोणीतरी "आग, आग" म्हणून ओरडले. दोनशे माणसे एकाच दाराकडे धावली. मागच्या दाराशी काही बायका मुलांना घेऊन पोहोचल्या होत्या. त्या दार ठोठावीत राहिल्या. देवाची कृपा अशी की, एका तरुण कार्यकर्त्याने पडदा ओढून खाली पाडला आणि बादलीभर पाणी टाकून तो विझवला. चार-पाच मिनिटांत सारे शांत झाले. सोलापूरकडच्या एक आजी गर्दीत पडल्या आणि त्यांचे मनगट मोडले. एवढ्यावरच निभावले.

मी परतलो तेव्हा त्या आजी पुढच्या पायरीवर हात धरून बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अरे, तुझी किल्ली सापडली का रे?" मी खिशात हात घातला. किल्ली तेथेच होती. पुढे हा प्रसंग सर्वांनी उदार मनाने विसरून टाकला. मला कोणी बोल लावला नाही, आणि मीही तो विषय कधी काढला नाही. परंतु डिसेंबर १९९५ मध्ये डबवालीची बातमी वर्तमानपत्रात वाचली, तेव्हा माझा हात आपोआप खिशाकडे गेला. आपल्या बाबतीत जे टळले ते माझ्या शहाणपणाने टळले नव्हते. त्या आजी आज हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच मी हा विषय स्वीकारला, असे म्हटले तरी चालेल.

आता यातून शिकायचे काय, हे पाहू. आपल्या इतिहासात याचे उत्तर फार पूर्वी दिलेले आहे. शिवकालीन गडाची व्यवस्था आठवा. गड एका माणसाच्या भरवशावर सोपवलेला नसे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे समान दर्जाचे तीन अधिकारी, आणि कोठाराच्या हिशेबाला कारखानीस. किल्ल्या हवालदाराकडे असत. संध्याकाळी दरवाजे बंद झाल्यावर कड्या-कुलपे त्याने स्वतः पाहावीत आणि सकाळी ती स्वतः उघडवावीत, असा दंडक होता. फौज आणि पहारा सरनोबताकडे, लिहिणे आणि हजेरी सबनिसाकडे. म्हणजे किल्ली एकाकडे, शस्त्र दुसऱ्याकडे आणि वही तिसऱ्याकडे. यांपैकी एकजण चुकला किंवा फितला, तरी गड जाऊ नये, ही त्यामागची दृष्टी होती. मी मात्र त्या रात्री हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिन्ही एकटाच झालो होतो, आणि तिघांनाही बरोबर घेऊन स्टेशनवर गेलो होतो.

याच संदर्भात रायगडच्या हिरकणीची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. दूध घालायला वर गेलेली गवळण, सांज होऊन बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हे मूल, आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधवला, असे कथा सांगते. आपण या कथेत आईचे प्रेम पाहतो, आणि ते योग्यच आहे. माझ्या धंद्याच्या माणसाला तिच्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. ज्या वाटेने आई उतरली त्या वाटेने शत्रू चढू शकेल, हे ओळखून ती वाट बंद झाली. चूक उघडकीस आणणाऱ्याला शिक्षा न करता त्याचा सन्मान करायचा आणि चूक दुरुस्त करायची, ही उत्तम कारभाराची खूण होय. दुसरी गोष्ट अशी की, दारावरच्या पहारेकऱ्यांनी नियम मोडला नाही हे बरोबरच होते; परंतु असा अडलेला माणूस समोर आला असता त्याचे म्हणणे कोणाकडे न्यायचे, हे पहारेकऱ्याला ठाऊक असते, तर एका आईला कडा उतरावा लागला नसता. नियम दारावरच्या माणसाने पाळायचा असतो. अपवाद करण्याचा अधिकार मात्र वरच्या कोणाला तरी असला पाहिजे, आणि तो कोण, हे दारावरच्या माणसाला माहीत असले पाहिजे.

आपण आणखी एका जागी जाऊ. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये अतिरेक्यांनी गोळीबार सुरू केला आणि पन्नासहून अधिक माणसे तेथे मरण पावली. हा आकडा आणखी कितीतरी वाढला असता. तो वाढला नाही याचे काही श्रेय उपनगरी स्थानकावर उद्घोषणा करणाऱ्या विष्णू झेंडे यांना आहे. त्यांच्याजवळ शस्त्र नव्हते, एक ध्वनिक्षेपक होता. आपल्या खोलीतून धोका दिसताच त्यांनी पोलिसांना सावध केले, आणि गाड्यांतून उतरणाऱ्या प्रवाशांना पुढच्या बाजूस न येता मागच्या बाजूने बाहेर पडण्यास पुनःपुन्हा सांगितले. झेंडे यांनी त्या रात्री दाराचे दुसरे काम केले. भेदरलेल्या माणसाला कोठे जायचे हे सांगणारा एक शांत आवाज हवा असतो.

त्या हल्ल्यानंतर शासनाने जी चौकशी समिती नेमली, तिचे अध्यक्ष राम प्रधान होते. १९८५ साली पंजाबचा करार झाला तेव्हा हेच प्रधान केंद्रीय गृहसचिव होते, म्हणजे आपल्या दोन्ही घरांची दुखणी त्यांना ठाऊक होती. ठरलेली कार्यपद्धती कागदावर असते, पण प्रसंग आला म्हणजे ती अंमलात येत नाही, हा त्यांच्या अहवालातला एक महत्त्वाचा मुद्दा होता. कागदावरची पद्धत हातात येण्यासाठी तिचा सराव करावा लागतो. याला दुसरा उपाय नाही.

धोका केवळ अतिरेक्याच्या रूपाने येतो, असेही नाही. २५ जानेवारी २००५ रोजी साताऱ्याजवळ मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे ३०० भाविक गेले. तेथे शत्रू कोणी नव्हता. अरुंद वाट होती, फुटलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या होत्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची एकच गर्दी होती. येण्याची वाट आणि जाण्याची वाट निराळी असावी, हा साधा नियम देवळालाही लागू आहे आणि आपल्या हळदीकुंकवालाही.

सुरक्षेचे आणखी एक अंग आहे, ज्याचा धडा याच शहराने दिला आहे. पिअर जेनरे यांच्या देखरेखीखाली चंडीगडच्या कचेऱ्यांसाठी सागवानी खुर्च्या आणि मेजे बनली. वर्षे लोटली, वेत तुटले, आणि ती निकामी सामान म्हणून गच्च्यांवर नि तळघरांत पडली. पुढे ती लिलावात मातीमोलाने गेली आणि परदेशांतील लिलावांत लाखो रुपयांना विकली जाऊ लागली. आपण काय गमावले, हे तेव्हा ध्यानात आले. २०११ मध्ये केंद्रीय गृहखात्याने अशा वस्तूंच्या विक्रीला आणि निर्यातीला मनाई केली, आणि मोजदाद झाली तेव्हा १२ हजारांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या. यांतल्या पुष्कळ वस्तू कोणी रात्री भिंत फोडून नेल्या नव्हत्या. त्या दिवसाढवळ्या, पावती फाडून, पहारेकऱ्यासमोरून बाहेर पडल्या. पहारेकऱ्याने काय करावे? कागद पाहिला आणि दार उघडले. संस्थेजवळ आपल्या वस्तूंची यादी नसेल आणि त्यांची किंमत जाणणारा माणूस नसेल, तर दारावर पलटण उभी करूनही काही वाचत नाही. म्हणूनच गडावर सबनीस आणि कारखानीस यांना हवालदाराइतकाच मान होता.

आता दारावरच्या माणसाविषयी. सचिवालयासारख्या ठिकाणी आज केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असतात. हे दल १९६९ साली कारखान्यांच्या रक्षणासाठी उभे राहिले आणि पुढे विमानतळही त्याच्याकडे आले. परंतु शाळा, दवाखाना, बँक, आपली वसाहत यांच्या दारांवर खाजगी रक्षक असतो. २००५ च्या केंद्रीय कायद्याखालील आदर्श नियमांप्रमाणे अशा रक्षकाला १०० तासांचे वर्गातील आणि ६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळाले पाहिजे. महाराष्ट्राने तर या रक्षकांच्या नोकरीसाठी आणि कल्याणासाठी १९८१ सालीच कायदा केला होता. हे नियम किती ठिकाणी पाळले जातात, हे आपण आपापल्या दारावरच्या माणसाला विचारून पाहावे.

मात्र विचारण्यापूर्वी त्याचे नाव विचारावे, अशी माझी विनंती आहे. गढवालातून, हिमाचलातून, नेपाळातून आलेला तो माणूस आपल्यासारखाच घरापासून दूर आहे. वर्षानुवर्षे आपण त्याला 'बहादूर' म्हणून हाक मारतो आणि त्याचे खरे नाव ठाऊक करून घेत नाही. बारा-बारा तास उभे राहणाऱ्या, बसायला स्टूल नसलेल्या, थंडीत शेगडी नसलेल्या माणसाकडून सावधपणाची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? तसेच, त्याने आपली मोटार अडवून ओळखपत्र मागितले तर "मला ओळखत नाहीस का?" असे त्याला दरडावू नये. त्याने आपल्याला अडवले म्हणजे तो आपले काम करतो आहे. पंच्याण्णव साली याच शहरात ओळखीच्या गणवेशाला कोणी अडवले नाही, आणि त्याची किंमत आपण पाहिली. मानाच्या माणसांनी प्रथम ओळखपत्र दाखवावे, म्हणजे इतरांना दाखवताना कमीपणा वाटत नाही.

मे २०२५ मध्ये या शहराने पुन्हा भोंगे ऐकले. ७ मे रोजी सायंकाळी सरावासाठी दिवे मालवले गेले, आणि पुढच्या दोन दिवसांत तो सराव खराच कामी येणार की काय, अशी वेळ आली. नागरी संरक्षणासाठी स्वयंसेवक हवेत, असे प्रशासनाने सांगताच टागोर थिएटरपाशी तरुण मुलामुलींची रीघ लागली. ते दृश्य पाहून माझ्यासारख्या म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. उत्साह आपल्याजवळ आहे. तो एका दिवसाचा न राहता, कोणी काय करायचे हे ठरवलेल्या पद्धतीत उतरला पाहिजे.

म्हणून शेवटी मंडळापुढे पाच सूचना ठेवतो. त्या लहान आहेत, खर्चाच्या नाहीत.

पहिली, आपल्या प्रत्येक कार्यक्रमात सभागृहाची सर्व दारे कुलपाविना असावीत. ज्या दारावर पहारा ठेवता येत नाही तेथे एक स्वयंसेवक खुर्ची टाकून बसावा. त्याने बाहेरच्याला आत घेऊ नये, पण आतल्याला बाहेर जाऊ द्यावे.

दुसरी, कुलूप घालणे अगदी अटळ असेल, तर किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर असावी, कोणाच्या खिशात नव्हे.

तिसरी, दार, किल्ल्या, वीज, ध्वनिक्षेपक आणि प्रथमोपचार अशी पाच कामे पाच जणांकडे द्यावीत, आणि प्रत्येकाच्या गैरहजेरीत कोण, हेही लिहून ठेवावे.

चौथी, कार्यक्रमाच्या आरंभी, गणेशवंदनेनंतर लगेच, बाहेर जायच्या वाटा कोठे आहेत हे निवेदकाने सांगावे. एक मिनिट लागते.

पाचवी, वर्षातून एकदा सराव करावा. लोक हसतील. हसू द्यावे. हसत हसत शिकलेले रडण्याच्या वेळी आठवते.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापन केले, त्यांनी परक्या मुलखात मराठी माणसासाठी एक दार उघडले. नोकरीनिमित्त येथे येऊन पडलेला माणूस त्या दाराशी आला, तेव्हा त्याला कोणी ओळखपत्र विचारले नाही. आपली भाषा हीच त्याची ओळख होती. ते दार पुढची पन्नास वर्षेही उघडे राहावे, अशी गजाननाचरणी प्रार्थना करतो. आणि आजी, आपण जेथे असाल तेथे ऐका : किल्ली सापडली आहे. ती आता खिळ्यावर टांगलेली आहे.